गप्प बसून काढलेले बारा फोटो

फोटोवाल्या काकांना सगळी गल्ली पाठीमागे ‘हलूनका’ म्हणायची. काकांना हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. तीस वर्षांत त्यांच्या स्टुडिओतल्या गोल स्टुलावर जो कोणी टेकला, मग तो पासपोर्टच्या फोटोला आलेला असो की नव्या नोकरीच्या, त्याला आधी पंधरा मिनिटं काकांची बडबड ऐकावी लागे. विषय कुठलाही चाले. तुमची कॉलर, तुमचे वडील, तुमच्या वडिलांची कॉलर. ऐकून ऐकून समोरच्याला काहीतरी सुचायचं, तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणायचे, हं, आता हलू नका. आणि बटण दाबायचे. त्यामुळे अर्ध्या गल्लीचे फोटो एखादं वाक्य गिळल्यासारखे आले आहेत. पण सरळ आले आहेत. नाक मधोमध, दोन्ही कान सारखे, केसाचा एक तंतू इकडचा तिकडे नाही.

मग मागच्या वर्षी काका स्वतःच हलले.

झालं असं, की एका शाळेतल्या शिक्षकांचा फोटो काढायचा होता. बेचाळीस शिक्षक, म्हणजे बेचाळीस माणसं, जी एरवी दुसऱ्यांना रांगेत उभं करतात आणि स्वतः राहत नाहीत. काका टेबलावर चढले. मागे सरा, अजून मागे सरा, करता करता शिक्षकांच्या पाठीला भिंत लागली, तरी कडेचे दोघं चौकटीबाहेर. तेव्हा डोळा कॅमेऱ्याला तसाच ठेवून काका स्वतः एक पाऊल मागे सरले. टेबल तिथे संपलं होतं. जन्मभर लोकांना मागे सरा म्हणणारा माणूस एकदाच मागे सरला आणि उजव्या खांद्यावर आपटला. मानेतून हातात जाणाऱ्या नसा तुटल्या. दोन ऑपरेशनं झाली. त्यानंतर एक दिवस डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि काकांनी ओळखलं की ही उभ्याने सांगायची बातमी नाही. हात जागेवर राहणार होता. काम मात्र करणार नव्हता.

काका त्या दिवशी रडले. दवाखान्यात नाही, घरी येऊन, न्हाणीघरात, नळ मोठा सोडून. बाहेर त्यांची बायको उभी होती. गल्ली तिला काकू म्हणते, तर आपणही काकूच म्हणू. काकूंनी सगळं ऐकलं. दार वाजवलं नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, की टाकीतलं सगळं पाणी आजच संपवायचंय का. आतून नळ बंद झाला आणि काका तोंड पुसत बाहेर आले. दोघांनी चहा घेतला.

आता, ज्याने कधी कॅमेरा हातात धरला नाही त्याला वाटेल, एक हात गेला तर काय, दुसरा आहे ना. पण जगातल्या झाडून सगळ्या कॅमेऱ्यांचं बटण उजव्या अंगाला असतं, हे काकांना तीस वर्षांत कधी खटकलं नव्हतं ते आता दिवसातून शंभर वेळा खटकू लागलं. शिवाय काकांचा डावा हात तीस वर्षं लेन्सच्या कड्यावर होता. चेहरा धूसर झाला की कडं केसभर इकडे, केसभर तिकडे. डोळ्यांना कळायच्या आत त्या हाताला कळायचं. त्याला तिथून काढून बटणावर बसवलं, की तो पाहुण्यांकडे आल्यासारखा अवघडून बसायचा.

कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून उपाय सुरू झाले. आधी कॅमेऱ्यातलंच घड्याळ लावून पाहिलं. बटण दाबायचं, दहा सेकंद थांबायचं, कॅमेरा आपोआप फोटो काढतो. पण दहा सेकंदांत माणसाचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा होतो. मग लांबून दाबायचं बटण काकूंच्या हातात दिलं. काकू दयाळू. समोरचा अवघडला असं वाटलं की त्यांना राहवायचं नाही, त्या दाबून टाकायच्या आणि म्हणायच्या, झालं हो, बसा आरामात. काकांचं कडं अजून फिरतच असायचं. नवराबायकोची तीन दिवस बोलचाल बंद होती, म्हणजे काकूंची बंद होती. त्यानंतर बटण पायाखाली घेतलं. हा उपाय चालला असता, पण काका बोलताना पायाने ठेका धरतात हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. एका सकाळी स्टुलामागच्या पडद्याचे साठ फोटो निघाले. पडदा छान आला होता.

शेवटी समोरच्या दुकानातली डागवाली आली. ती रेडिओ, पंखे, कानाची यंत्रं, काय वाटेल ते डाग देऊन जोडते, म्हणून तिचं नाव डागवाली. काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण तिने काकांना कधी वयाचा मान दिलेला कुणी पाहिला नाही. तिने कॅमेरा पाहिला, पाय पाहिले, हनुवटी पाहिली, आणि म्हणाली, काका, तुमच्या अंगात अजिबात न थकणारी एकच जागा आहे, बटण तिथे लावते. दोन दिवसांनी ती एक लांब वायर घेऊन आली. एक टोक कॅमेऱ्यात जायचं. दुसऱ्या टोकाला शेंगदाण्याएवढं बटण, सायकलच्या ट्यूबच्या दोन तुकड्यांमध्ये घालून शिवलेलं. ते दाढांमध्ये धरायचं. फोटो हवा तेव्हा चावायचं.

काकांनी धरलं, चावलं, आणि खट् आवाज झाला. डावा हात कड्यावरच होता. काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते डागवालीला काहीतरी छानसं बोलायला गेले, तर तोंडातून नुसतं ‘अंऽ अंऽ’ आलं. डागवाली काकूंकडे वळून म्हणाली, बघा, एका दगडात दोन कामं केली.

घाई होती त्याला कारण होतं. गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. त्याच्या वाचनाच्या खोलीला नवा रंग लागत होता आणि महिनाअखेर ती पुन्हा उघडायची होती. ग्रंथपालबाईंनी अपघाताच्या कितीतरी आधी काकांना सांगून ठेवलं होतं, की तिथली मोठी भिंत तुमची. आपल्याच गल्लीत काम करणाऱ्या बारा माणसांचे बारा मोठे फोटो, खाली काकांचं नाव. तीस वर्षं काकांचे फोटो लोकांच्या पाकिटांत आणि कागदांवर चिकटून राहिले. भिंतीवर कधी कुणी मागितले नव्हते. ती भिंत काकांनी मनात इतक्या वेळा भरून रिकामी केली होती, की काकूंना पाठ झाली होती. अपघातानंतर बाई भेटायला आल्या. चांगल्या बाई. काकांचा लोंबता हात पाहू नये म्हणून सगळा वेळ खिडकीकडे पाहत राहिल्या आणि निघताना म्हणाल्या, काका, त्रास नका घेऊ, जुने आहेत त्यातलेच बारा द्या. काकांनी तिथल्या तिथे एक विनोद केला, बाई हसल्या, गेल्या. त्या दुपारी काका जेवले नाहीत. दगदग नको म्हणून सांगितलेलं ते ‘जुनेच द्या’ त्यांना दिवसभर टोचत राहिलं.

तर काका कामाला लागले. तिकाटणं काकूंच्या खांद्यावर, कॅमेरा काकांच्या गळ्यात, बटण स्वच्छ रुमालात. पहिली पाळी शिंप्याची.

शिंपी यंत्रावर बसला होता, खिडकीतून उजेड चांगला येत होता. काकांनी चेहरा नीट धरला आणि सवयीने बोलायला गेले, तर तोंडात बटण. डाव्या हाताने ते काढलं, बोलून घेतलं, पुन्हा बसवलं. तोवर हात कड्यावरून निघाल्यामुळे शिंपी धूसर. पुन्हा चेहरा धरला, पुन्हा एक मुद्दा सुचला, पुन्हा बटण बाहेर. असं चार वेळा झाल्यावर शिंपी म्हणाला, की त्याला आज संध्याकाळपर्यंत पाच पँटी द्यायच्या आहेत. काकूंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. काकांनी बटण दाढेत धरलं आणि आता काही झालं तरी काढायचं नाही असं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका गिऱ्हाइकासमोर तोंड मिटून बसले.

दोन मिनिटं शांतता. शिंप्याला ती सोसेना. त्याने काकांकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की या माणसाला आता उलट बोलता येत नाही. तो सावरून बसला. म्हणाला, स्टुडिओतला तो काळा कोट, जो तुम्ही प्रत्येकाच्या अंगावर चढवता, तो मी शिवलाय. आणि त्याची डावी बाही अर्धा बोट आखूड आहे, हे तुम्ही तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताय. बाही बरोबर आहे. तुमचा डावा खांदा वर असतो, कारण तुम्ही कॅमेऱ्याची पिशवी जन्मभर त्याच खांद्याला लावली. तुम्ही कोट स्वतःच्या अंगावर मापून बघितलात.

काकांकडे याला उत्तर होतं. दोन उत्तरं होती. दोन्ही एकदम जिभेवर आली, दातांवर आदळली, जबडा आवळला गेला आणि खट्. फोटो निघाला.

घरी येऊन संगणकाच्या पडद्यावर मोठा करून पाहिला तर काकांनी कपाळाला हात लावला. शिंप्याची मान वाकडी, एक भुवई वर, टेप गळ्यातून घसरलेली, आणि तोंडावर कसलंसं समाधान. काकांच्या मते साफ वाया गेलेला फोटो. उद्या पुन्हा काढू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली. कोपरापर्यंत पीठ, मागे भट्टीचा लालसर उजेड. काका गप्प. तिने दोन पावांचे ट्रे आत सरकवले, हात झटकले, आणि सांगितलं की तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये एकूण एक फोटोत ती नवऱ्याकडे नाही, काकांकडे बघतेय, कारण काका एक क्षण गप्प बसत नव्हते. सासूबाई अजून विचारतात, की तुझं लग्न नक्की कुणाशी लागलं. काकांना यावर इतकं भारी काही सुचलं की ते सांगायला मिळालं असतं तर गल्लीने वर्षभर पुरवून वापरलं असतं. पण बटण तोंडात होतं. खट्. बेकरीवालीचा चेहरा पुन्हा तसाच: कडेला वळलेला, ओठ नुकते मिटलेले, डोळे चमकणारे. हलली, काका करवादले. साफ हलली.

तिसरा पोस्टमन. त्याने तर आढेवेढेच घेतले नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, काका, तुम्ही मला रोज दारात विचारता, पत्र आणलंस की संकट. एकवीस वर्षं मी रोज हसलो. मला एकदाही हसू आलं नव्हतं. खट्.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. हलूनका काकांच्या तोंडात वायर आहे आणि समोर बसणाऱ्याला काहीही बोलता येतं, असं कळल्यावर जे फोटो म्हटलं की डोकेदुखीचं निमित्त काढायचे ते स्वतःहून विचारू लागले, की आमचा नंबर कधी. दवाखान्यातली सिस्टर केस विंचरून आली आणि इंजेक्शनच्या वेळी काका किती ओरडले ते तारखेसकट सांगून गेली. केस कापणारा म्हणाला, की खुर्चीत बसून मान हलवत बोलणारं गिऱ्हाईक काय असतं, हे आता तुम्हाला कळलं असेल. सायकलवाला, धोबीण, शाळेची शिपाईबाई, औषधवाला, प्रत्येकाकडे काहीतरी शिलकीत होतंच. डागवालीने तर यादी लिहून आणली होती. तिसऱ्या मुद्द्याला काकांनी इतक्या जोरात चावलं की बटणाची शिवण उसवली. यादी खाली ठेवून तिने तिथेच नवी घातली आणि चौथ्या मुद्द्यापासून पुढे वाचायला लागली.

एक घड्याळजी तेवढा वेगळा निघाला. तो मुळात मितभाषी. डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसला तो बसला. काका गप्प, तोही गप्प. वीस मिनिटं गेली, काकांच्या तोंडातून लाळ गळायची वेळ आली, काकूंनी रुमाल लावला. कुणी चिमटा काढत नव्हतं, त्यामुळे काकांचा जबडाही हलत नव्हता. मग घड्याळजीने भिंग काढलं, काकांकडे वर पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही बोलत नाही तर दुकानात करमत नाही. काकांचं उत्तर या वेळी एकाच शब्दाचं होतं, ‘मलाही’. ते दातांमागेच राहिलं आणि फोटो निघाला.

असे अकरा झाले. महिन्याचे दोन दिवस उरले होते.

काकांनी अकराही फोटो पडद्यावर ओळीने लावले आणि त्यांचा धीर सुटला. एकही सरळ नाही. कुणाची मान तिरकी, कुणाचे ओठ उघडे, कुणाचं बोट हवेत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे यातला एकही त्यांनी काढलेला नव्हता, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी ठरवून दाबलं असतं तर चूक झाली तरी ती त्यांची चूक. इथे कुणीतरी टोमणा मारला, जबडा आवळला, कॅमेऱ्याने घेतला. टेबलावरून पडलेल्या माणसाने मी उडी मारली म्हणावं, तसं ते यांच्याखाली आपलं नाव कसं घालणार? चेष्टा ठीक होती. पण भिंतीवर, लोकांसमोर, नावासकट हे लावायचं म्हणजे गेला फोटोवाला, असंच म्हणतील सगळे. दुपारी त्यांनी कपाटावरचा खोका डाव्या हाताने खाली ओढला आणि त्यातून जुने फोटो काढून बाजूला ठेवू लागले. एक, दोन, तीन. सगळी नाकं मधोमध.

काकू आतल्या खोलीत कटरपाशी उभ्या होत्या. त्या एकोणतीस वर्षं तिथेच उभ्या आहेत. काका फोटो काढतात, काकू कडा कापतात, पाकिटात घालतात, नाव लिहितात. नवा दिवा आला की काका म्हणतात, जरा उभी राहा गं, उजेड बघतो. काकू उभ्या राहतात, उजेड बघून होतो, मग काका म्हणतात, हो बाजूला. अशी उजेडासाठी उभी राहिलेली बाई हजार वेळा काकांच्या चौकटीत आली आणि हजार वेळा बाजूला झाली. त्याचं काकूंना वाईट वाटत होतं असं नाही. पण लक्षात होतं.

त्या बाहेर आल्या. खोका पाहिला. बाजूला काढलेले सात जुने फोटो पाहिले. मग पडद्यावरचे अकरा पाहिले, आणि शिंप्याच्या फोटोवर त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. काका चिडले. यात हसण्यासारखं काय आहे, विचारलं त्यांनी. काकूंना बोलता येईना इतक्या त्या हसत होत्या. शिंप्याच्या भुवईवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, की ही बाहीवाली भुवई. बेकरीवालीच्या डोळ्यांवर बोट ठेवलं, हे सासूबाईवाले डोळे. सिस्टरचं इंजेक्शन. पोस्टमनची एकवीस वर्षं. एकेका चेहऱ्यावरून त्यांनी कोण काय बोललं ते घडाघडा म्हणून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं आणि जुन्यातला आठवा फोटो बाजूला ठेवला.

तेव्हा काकूंचं हसू थांबलं.

त्यांनी तिकाटणं उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन कटरसमोर मांडलं. कॅमेरा बसवला, वायर जोडली. नवऱ्याला दंडाला धरून आणलं आणि स्टुलावर बसवलं. रुमालाने बटण पुसलं आणि लहान मुलाला गोळी देतात तसं त्यांच्या तोंडासमोर धरलं.

“आ करा,” काकू म्हणाल्या.

काकांनी विचारायचा प्रयत्न केला, की अगं पण हे आता कशाला. काकूंनी बटण दाढेत सरकवलं आणि पलीकडे जाऊन कटरमागे उभ्या राहिल्या. काकांचा डावा हात आपोआप कड्यावर गेला. त्याला काकांना विचारायची गरज नसते. काकूंचा चेहरा आधी धूसर होता, मग स्पष्ट झाला.

“माझं बोलून होईपर्यंत चावायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचा हात गेला याचं मला रोज वाईट वाटतं. सकाळी तुमच्या शर्टाची बटणं लावताना वाटतं. तुम्ही काहीतरी विनोद करता, मी हसते, तरी वाटतं. पण जुने फोटो लावतात ते माणूस गेल्यावर. तुम्ही इथे बसलाय. माझ्यासमोर, जिभेने ठणठणीत. ते जुने नेऊन टांगलेत, तर लोक तुमच्याबद्दल हळू आवाजात बोलायला लागतील. मग माझ्याशीही हळू बोलतील. शिंपी येऊन बाहीवरून भांडला तो मला चालतो. पण तो दारात येऊन हळू बोलला, तर मला ते सहन होणार नाही.”

काकांनी चावलं नाही.

“आणि हे अकरा चुकून आले म्हणता,” काकू पुढे म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जरा चढला होता. “असतील. पण तीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा या लोकांचं शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. ते त्यांच्या तोंडावर आलंय. मी एवढी वर्षं फोटो कापतेय, मला कळतं. तुमच्या त्या सरळ फोटोंत ते कधी आलं नाही. झालं. एवढंच बोलायचं होतं.”

आणि त्या थांबल्या.

काकांनी जिभेवर उत्तर शोधलं. नेहमीच्या जागी काहीच नव्हतं. बायकोच्या बोलण्यावर आपल्याला काही सुचत नाही, असं त्यांचं लग्नापासून आजपर्यंत झालं नव्हतं. जबडा सैल होता. दातांवर काही आदळलं नाही. बटण दाढेत नुसतं पडून होतं, आणि चौकटीत काकू होत्या.

काकूंना वाटलं, खट् व्हायचं ते काही झालं नाही, म्हणजे संपलं. त्या कटरकडे वळल्या. समोर कापायला ठेवलेला कागद त्यांनी सरळ केला. बाहीला कापलेल्या कागदाची एक बारीक पट्टी चिकटली होती, ती काढली. काका पाहत होते. खिडकीतला उजेड काकूंच्या एका गालावर होता आणि दुसऱ्या गालावर नव्हता, आणि या बाईला बाजूला व्हायला सांगावं असं या वेळी, पहिल्यांदाच, त्यांना वाटलं नाही. कडं त्यांनी केसभर फिरवलं. थांबले. अजून थांबले. काकूंनी पट्टी टाकली, आणि हा माणूस एवढा शांत कसा म्हणून वर पाहिलं. डोळ्यांत अजून थोडा राग होता, आणि रागाच्या मागे काळजी होती, आणि ती लपवायचं त्या विसरल्या होत्या.

तेव्हा काकांनी दाढेखाली बटण नीट घेतलं आणि सावकाश चावलं.

खट् झाल्यावर काकू दचकल्या. काकांनी बटण तोंडातून काढलं, मांडीवर ठेवलं, ओठ पुसले.

“काय म्हणणार होतात?” काकूंनी विचारलं. चावलं म्हणजे काहीतरी गिळलं असणार, हे त्यांना आता पक्कं माहीत होतं.

“काही नाही,” काका म्हणाले. “चांगली दिसलीस, म्हणून दाबलं.”

काकूंनी पदराने उगाच कटर पुसला, जो पुसलेलाच होता. मग म्हणाल्या, की डोळे मिटले असतील, अजून एक काढून ठेवा. काका म्हणाले, नको, मिळाला. आणि स्टुलावरून उठून बाहेर गेले. टेबलावरचे आठ जुने फोटो त्यांनी डाव्या हाताने गोळा केले, खोक्यात टाकले, आणि खोक्याचं झाकण नीट बसत नव्हतं ते कोपराने दाबून बसवलं.

“ग्रंथपालबाईंना फोन लाव,” ते तिथूनच म्हणाले. “सांग, बारा तयार आहेत. सगळे या महिन्यातले, सगळे मी काढलेले. आणि जुनेच हवे असतील, तर म्हणावं, थोडं थांबावं लागेल.”